भामरे आप्पा आणि दोनशे सतरावा नियम

मी भामरे आप्पांची साहेब म्हणून रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली आणि मी नापास झाले. पर्स खुर्चीला अडकवते न अडकवते तोच त्यांनी एक छापील कागद माझ्यासमोर ठेवला, स्टूल ओढून बसले, खिशातून चष्मा काढला आणि म्हणाले, "वाचा." कागदावर आमच्या लोड बॅलन्सरच्या नियमांच्या दहाबारा इंग्रजी ओळी होत्या. मी त्या धडाधड वाचल्या. अशा ओळी वाचायच्या दोन परीक्षा पास होऊन मी पुण्याहून नाशकात परत आले होते, त्यामुळे सुरात थोडी ऐटही होती. आप्पांनी शेवटपर्यंत सभ्यपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. आता मराठीत सांगा."

मी सुरुवात केली. रिक्वेस्ट या पाथवर आली तर ती त्या पूलला फॉरवर्ड करायची, वगैरे. आप्पांनी हात वर केला. "हे मराठी नव्हे. ह्यात फक्त 'करायची' मराठी आहे. तुमच्या आईला सांगताय असं समजून सांगा." चौथ्या ओळीपाशी मी अडकले. कारण तिथे नेमकं काय होतं ते मला माहीतच नव्हतं. आजवर ते माझ्या लक्षात आलं नव्हतं एवढंच. आप्पा हसले नाहीत. कागदाची घडी करत म्हणाले, "होईल. मलाही वर्ष लागलं होतं." त्या दिवशी दिवसभर मी त्यांच्यावर मनातल्या मनात धुसफुसत होते.

आमची कंपनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. जिल्हाभरातले दवाखाने आणि तपासणी केंद्रं यांचे रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत ऑनलाइन पोचवायचे, हे आमचं काम. त्यासाठी आत बरेच सर्व्हर आणि त्यांच्या पुढे लोड बॅलन्सर नावाचं एक यंत्र. बाहेरून येणारं प्रत्येक काम आधी त्याच्यापाशी येतं आणि ते कोणत्या सर्व्हरकडे पाठवायचं ते हे यंत्र ठरवतं. आप्पा नव्या पोरांना सांगायचे, की लिलावाच्या दिवशी बाजार समितीच्या गेटवर जो माणूस उभा असतो ना, कांद्याचा ट्रॅक्टर आला की ह्या रांगेत घाल, त्या रांगेत घाल असं सांगणारा, तो म्हणजे लोड बॅलन्सर. त्यांचे वडील सटाण्याला आयुष्यभर तेच काम करत होते. त्यामुळे हे नुसतं समजावून सांगणं नव्हतं, त्यात घराण्याचा थोडा अभिमानही होता.

आप्पा कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले होते. पुढे टेलिफोनची खोली गेली, तिथे सर्व्हर आले, आणि आप्पा खोली न सोडता सर्व्हर शिकले. अंगाने किरकोळ, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं आणि आवाज मात्र असा भरदार की फोनवर ऐकणाऱ्याला पलीकडे पहिलवान बसलाय असं वाटावं. बोलणं आमच्यासारखंच, शहरी. पण मनापासून काही बोलायचं झालं की बागलाणची अहिराणी आपोआप बाहेर यायची. सर्व्हरांना त्यांनी बागलाणातल्या किल्ल्यांची नावं दिली होती. साल्हेर, मुल्हेर, हरगड. मुंबईच्या एका तंत्रज्ञाने एकदा मीटिंगमध्ये विचारलं होतं की मुल्हेर हा कोणत्या कंपनीचा सर्व्हर आहे. आप्पा शांतपणे म्हणाले, "आमच्या."

मी आले त्या वर्षी आमच्या जुन्या लोड बॅलन्सरचे दिवस भरले होते. बनवणाऱ्या कंपनीने फेब्रुवारीनंतर त्याची देखभाल बंद असं कळवलं होतं. नवं यंत्र खोक्यात येऊन पडलं होतं, त्याच्यावरचं सॉफ्टवेअर चार पिढ्या पुढचं. जुन्या यंत्रावर वर्षानुवर्षं साचलेले तीनशेच्या वर नियम होते. ते सगळे नव्यावर न्यायचे होते. नव्या यंत्राबरोबर एक छोटा प्रोग्रामही आला होता. जुनी फाइल त्याला दिली की तो नव्या भाषेतली फाइल बनवून द्यायचा. मी हिशेब केला, दोन आठवड्यांचं काम. आप्पा त्याच फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेला निवृत्त होणार होते. म्हटलं, बिचाऱ्यांना निवांत जाऊ द्यावं.

बिचारे वगैरे काही नव्हते ते. त्यांनी प्रत्येक नियम मराठीत लिहायला घेतला. आखीव पानांची लांबलचक वही, प्रत्येक नियमाला अर्धं पान: हा नियम काय करतो, कोणासाठी, कोणी लावला, का लावला. आणि प्रत्येक नियमापाशी थांबून ते टीमला एकच प्रश्न विचारायचे, "हाऊ कोना शे?" हा कोणाचा? उत्तर देणारा सापडला तरच तो नियम नव्या यंत्रावर जायचा. नाही तर आप्पा फोन उचलायचे. "यंत्राला विचारून उपयोग नाही," म्हणायचे, "ते सांगेल काय करतो. का करतो ते माणसालाच विचारावं लागतं." असे फोन करून करून त्यांनी घोटीचा एक दवाखाना शोधून काढला. तो बंद पडून तीन वर्षं झाली होती, पण त्याचा नियम आमच्याकडे इमानेइतबारे चालू होता. आप्पांनी तो खोडला आणि खाली लिहिलं, डॉक्टर मुलीकडे नागपूरला, तब्येत उत्तम.

मला ह्या सगळ्याची चीड यायची आणि मजाही वाटायची. जेवणाच्या सुट्टीत आप्पांच्या डब्यातला ठेचा खाता खाता मी त्यांच्याशी भांडायचे. ते एवढंच म्हणायचे, "ताई, आपण घर बदलतो तेव्हा माळ्यावरचं गाठोडं उघडून बघतो की नाही?" माझ्या घरी आम्ही कधीच उघडून बघत नाही, तसंच नव्या माळ्यावर टाकतो. पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

शेवटी सगळे नियम मार्गी लागले, एक सोडून. दोनशे सतरावा.

तो नियम असा होता, की अमुक एका पत्त्यावरून काम आलं तर त्याला जुन्या पद्धतीचं कुलूप चालेल, त्याला मुल्हेरकडे सोडा. जुनं कुलूप म्हणजे माहिती सुरक्षित पाठवायची जुनी पद्धत. ती आता कच्ची ठरलेली, नव्या यंत्रात ती मुळातच बंद. एखाद्यासाठी उघडी ठेवायची तर आमच्या सुरक्षा विभागाला नाव आणि कारण लेखी द्यावं लागे. इथे ना नाव, ना कारण. लावणाऱ्याने शेऱ्याची जागा कोरी सोडली होती. गेल्या तीन महिन्यांत त्या नियमातून एकही काम गेलं नव्हतं. त्याआधीच्या नोंदी आम्ही ठेवत नाही. मी म्हटलं, मेलेला नियम आहे, काढून टाका.

"आणि नसला मेलेला तर?" आप्पा म्हणाले. "रविवारी आपण नवं यंत्र लावणार. सोमवारी तो माणूस दारात येणार आणि त्याला कळणारही नाही दार का उघडत नाही ते."

मुद्दा बरोबर होता. पण रविवार सकाळची वेळ सगळ्या दवाखान्यांना कळवून झाली होती. ती चुकली तर काम मार्चमध्ये जाणार होतं, देखभाल नसलेल्या यंत्रावर. शिवाय माझं नाशकातलं हे पहिलंच मोठं काम होतं. ते तारखेला पुरं झालं पाहिजे अशी माझी जिद्द होती, आणि तिच्यात अहंकार किती होता ते मी आता मोजत नाही. मी आप्पांना गुरुवारपर्यंतची मुदत दिली. मालक सापडला नाही तर नियम जाईल.

त्या आठवडाभर आप्पांनी तो नियम लावणाऱ्या अज्ञात माणसाचा जो उद्धार केला तो ऐकण्यासारखा होता. एरवी ते कोणाला वावगं बोलत नसत. पण ह्या माणसाला त्यांनी सोडलं नाही. चहा पिताना, जिना चढताना, कारण नसताना. "काय माणूस असेल हो. एक ओळ लिहायला हात दुखला याचा. समोर आला ना, तर बसवून शंभर वेळा लिहून घेईन." टीममधल्या दोन जुन्या मुलांवर त्यांचा संशय होता. दोघांनीही आपापल्या मुलांची शपथ घेतली.

मग त्यांनी जुन्या फायलींच्या प्रती एकेक करून उघडल्या. मागे मागे जात सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तो नियम पहिल्यांदा दिसला. त्या काळी मुल्हेरवर कळवणकडची तीन केंद्रं होती. दोन ठिकाणी फोन लागला. त्यांचा काही संबंध नव्हता. तिसरं एका संस्थेचं आरोग्य केंद्र, कळवणच्या पुढे डोंगराच्या अंगाला. तिथला फोन लागेना. गुरुवारी सकाळी आप्पा रजेचा अर्ज घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. एसटीने जाऊन येतो म्हणाले. मी अर्ज परत दिला आणि गाडीची किल्ली उचलली. त्यांची दया आली म्हणून नव्हे. तिथे काही नाही हे मला त्यांना तिथेच उभं करून दाखवायचं होतं.

केंद्र म्हणजे तीन खोल्या आणि एक व्हरांडा. तिथल्या बागुल सिस्टर पन्नाशीच्या, पदर खोचून औषधांची खोकी मोजत होत्या. आप्पांनी नमस्कार करून आपलं काम सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, सिस्टर मोजणं सोडून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"तुमी भामरे साहेब ना?" त्या म्हणाल्या. "आवाजावरून वळखलं मी. मला वाटलं व्हतं चांगले धिप्पाड असाल."

आप्पा गोंधळले. सिस्टरांनी कपाट उघडलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक लॅपटॉप बाहेर काढला, आणि त्याच्या शेजारी रक्त तपासायचं यंत्र. हे यंत्र ह्याच लॅपटॉपवर चालतं, दुसऱ्यावर चालत नाही, ह्या लॅपटॉपला जुनंच कुलूप कळतं, आणि नवं घ्यायची संस्थेची ऐपत नाही. वर्षातून दोनदा ते बाहेर निघतं, सिकलसेल ह्या रक्ताच्या आजाराच्या तपासणी शिबिराला. एकदा दिवाळीत, मुलं सुट्टीला पाड्यांवर आलेली असतात तेव्हा. एकदा परीक्षांच्या आधी आश्रमशाळेत. दिवाळीचं शिबिर आमच्या तीन महिन्यांच्या नोंदींबाहेर राहिलं होतं. पुढचं होतं येत्या बुधवारी. तपासलेला रिपोर्ट लगेच नाशिकच्या डॉक्टरांकडे जातो, ते बघून तिथल्या तिथे कळवतात, आणि मूल औषध घेऊन जातं. "एकदा माघारी गेलेलं पोर परत नाय येत साहेब," सिस्टर म्हणाल्या. "आईबाप मजुरीला जात्यात, कोण आणणार?"

झाकणाच्या आत एक पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यावर बॉलपेनने टप्पे लिहिले होते, आधी हे दाबणे, मग ते दाबणे. खाली तारीख, आणि लिहिलं होतं: भामरे साहेब, नाशिक, यांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे.

"लय जणांना फोन केले व्हते त्या दिवशी," सिस्टर म्हणाल्या. "दिवाळी, कोण उचलतंय. तुमी उचलला. सगळं लावून दिलं. म्हणले, सिस्टर, काळजी करू नका, मी हाय इथं."

आप्पांनी तो पुठ्ठा दोनदा वाचला. ज्या माणसाला शंभर वेळा लिहायला बसवणार होते तो सापडला होता. बोलण्यासारखं फार होतं आणि एरवी मी सोडलं नसतं. पण माझ्या डोळ्यांपुढे बुधवार होता. मी आठवड्यापूर्वी तो नियम काढून टाका म्हटलं होतं आणि त्यानंतर मला शांत झोप लागली होती. सिस्टरांनी गुळाचा चहा केला. आप्पांनी कप हातात घेतला आणि खाली मान घालून सिस्टरांना म्हणाले, "चूक मनी शे, ताई." चूक माझी आहे. सिस्टरांना कसली चूक ते कळेना. त्यांच्या लेखी ह्या माणसाने दिवाळी सोडून त्यांचं काम केलं होतं.

परतताना वणी गाव लागलं. आप्पा एकदम हसायला लागले. इतके की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "ताई, बायको फराळाला बोलवत होती त्या दिवशी. म्हटलं नोंद उद्या लिहू." पुन्हा हसले, मग म्हणाले, "सिस्टरनं लिहिलं बघा. जिला कोणी लिही म्हटलं नव्हतं तिनं."

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी हे सगळं स्वतः उभं राहून सांगितलं. गरज नव्हती. ज्या दोघांवर संशय घेतला होता त्यांची नावं घेऊन माफी मागितली आणि दोघांना पेढे दिले. वहीत दोनशे सतराव्या नियमापुढे त्यांनी लिहिलं, लावणारा भामरे, विसरणारा भामरे. मी सुरक्षा विभागाला नाव आणि कारण लिहून दिलं आणि नव्या लॅपटॉपसाठी संस्थेला मदत मिळेपर्यंत तो नियम ठेवायची परवानगी घेतली.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही जुनं यंत्र काढलं. दर दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, त्यामुळे खालून झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांचा ढीग निघाला. तो झाडायला दहा मिनिटं गेली. ह्या दहा मिनिटांचा माझ्या वेळापत्रकात कुठेच उल्लेख नव्हता. नवं यंत्र चढलं, चालू झालं. एकेक दवाखाना तपासत गेलो, सगळे ठीक. सिस्टर मुद्दाम केंद्रावर येऊन बसल्या होत्या. केंद्रावर इंटरनेट होतं पण मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून टेकडीवर जाऊन त्यांनी फोन लावला आणि सांगितलं की रिपोर्ट जात नाही.

नियम जागेवर होता. शब्द न् शब्द बरोबर होता. मी तीनदा वाचला, माझ्या हाताखालच्या दोघांनी वाचला. दहापर्यंत जमलं नाही तर जुनं यंत्र परत चढवायचं असं ठरलेलं होतं, आणि साडेनऊ झाले होते. आप्पा स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले. "वाचू नका," म्हणाले. "सांगा. वरपासून."

मी सांगायला लागले, खरोखर आईला सांगावं तसं. जुनं कुलूप घेऊन कोणीही आलं तर त्याला बाहेर काढ. मग पुढचा. मग त्यापुढचा. मग, बागुल सिस्टर जुनं कुलूप घेऊन आल्या तर त्यांना आत घे. आणि मी थांबले. वरच बाहेर काढलेली बाई खाली आत येणार कशी? जुन्या यंत्रात सिस्टरांचा नियम आधी होता. त्या बदलून देणाऱ्या प्रोग्रामने सगळे मनाई करणारे नियम उचलून वर ठेवले होते. इंग्रजीत ते पानभर अंतरावर होते आणि दोन्ही बरोबर दिसत होते. मी सिस्टरांचा नियम वर नेला. पाच मिनिटांनी त्यांचा रिपोर्ट आला. आप्पांनी माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि पोहे मागवायला गेले. वर्षभरात मला न मिळालेली पास झाल्याची पावती ती होती, आणि सांगायला लाज नाही, मला रडू आलं.

मंगळवारी ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, जे होतं ते झालं. त्यांनी भाषण केलं नाही, वही माझ्या हातात दिली.

बुधवारी अकरा वाजल्यापासून मी नव्या यंत्राच्या पडद्यापुढे बसून होते. दोनशे सतराव्या नियमासमोर त्या दिवसाचा आकडा शून्य. साडेअकराला एक झाला. मग दोन. मग तीन, चार. न राहवून मी आप्पांना सांगायला फोन केला, तर मागे मुलांचा हा गलका. घरी सोफ्यावर असतील म्हटलं तर सकाळच्या पहिल्या एसटीने स्वारी आश्रमशाळेत पोचली होती आणि सिस्टरांच्या शेजारी बसून नावं लिहून घेत होती.

"आप्पा, रिटायर झालात ना काल?"

"झालो ना. म्हणून तर वेळ मिळाला," ते म्हणाले. "ताई, ठेवतो आता. ही आमची सोनाली गावित, सातवी ब. सुई बघून भोकाड पसरलं होतं, आता हसतेय. तिचा पाठवतोय बघा."

फोन ठेवला आणि मी पडद्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने चाराचे पाच झाले. सोनालीचा रिपोर्ट नाशिकला पोचला होता.